लांबडी, बुटकी आणि आत्याचं कोपर

फरीदाबाद, सेक्टर १५
८ डिसेंबर १९९३

ती. भानुआत्यास,
अक्षयाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

डबा पोचला. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला येणाऱ्या ओळखीच्या माणसाला डब्याशिवाय सोडायचंच नाही हा तुझा नियम फार चांगला आहे, तो मोडू नकोस. चकल्या निम्म्या बाबांनी कारखान्यात नेल्या. तिथे हल्ली जपानी कंपनीबरोबर भागीदारी झाली आहे आणि दोन जपानी साहेब आले आहेत, त्यांना त्यांनी चकली खायला घातली. साहेबांनी ती खाण्याआधी उलटसुलट करून पाहिली म्हणे.

आता खरी बातमी. जानेवारीत दिल्लीला महिलांची अखिल भारतीय खो-खो स्पर्धा आहे आणि तिचे फोटो काढायचं काम आमच्या पेपरने मला दिलंय! फार हुरळून जाऊ नकोस, कारण ते मला मिळालं ते दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून. केबल आल्यापासून सगळ्यांना क्रिकेटशिवाय काही दिसत नाही. पण आमच्या क्रीडापानाचे संपादक माथुरसाहेब म्हणाले, की या स्पर्धेचा एक फोटो जरी पानाच्या माथ्यावर छापण्याच्या लायकीचा निघाला, तर एप्रिलपासून मला कायम नोकरीवर घेण्यासाठी ते वर शब्द टाकतील. क्रीडाविभागात आजवर एकही मुलगी फोटोग्राफर नाही. आणि नाही निघाला तर आहेतच, शाळांची स्नेहसंमेलनं आणि पुष्पप्रदर्शनं, छापला फोटो तर पैसे. बाबांची अट तुला माहीतच आहे. मार्चपर्यंत नोकरी पक्की नाही झाली, तर कॅमेरा कपाटात आणि मी बँकेच्या परीक्षेला. मला बँकेत बसायचं नाहीये गं आत्या. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

अडचण लेन्सची आहे. ऑफिसच्या लांब पल्ल्याच्या लेन्सा सीनिअर लोकांच्या कपाटात कुलूपबंद असतात. मला स्वतःची घ्यावी लागेल, तीही जुनी, आणि माझी पुंजी एकाच लेन्सपुरती आहे. परवा बाबांना घेऊन चांदणी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेले. तिथे जग्गी नावाचे एक सरदारजी जुना माल ठेवतात. त्यांच्याकडे परवडण्याजोग्या दोन निघाल्या. एक चारशे मिलिमीटरची, हातभर लांब, दिसायला अगदी तोफ. दुसरी एकशेऐंशीची, आखूड आणि जाड, रंग उडालेली, पण तोंड मोठं, त्यामुळे कमी उजेडातही काम करते. आम्ही त्यांची नावं लांबडी आणि बुटकी अशी ठेवलीत.

बाबांनी काय करावं? आयुष्य ट्रॅक्टरचे सुटे भाग तपासण्यात गेलेलं. त्यांनी गल्लीच्या पार टोकाच्या भिंतीवर एक वर्तमानपत्र चिकटवलं आणि दोन्ही लेन्सांतून आळीपाळीने वाचायला लागले. लांबडीतून त्यांनी एक वधूवरांची जाहिरात शिक्षणासकट वाचून दाखवली. बुटकीतून नुसते मथळे. बाबांनी तिथल्या तिथे लांबडीला पास करून टाकलं.

खरं सांगू, मलाही लांबडीच हवी आहे. मैदानावर ज्यांच्याकडे अशी तोफ असते त्यांना गेटवरचा हवालदार नावसुद्धा विचारत नाही आणि मला मात्र रोज विचारतो, मॅडम, किसकी वाइफ हो. येत्या आठवड्यात जाऊन घेऊनच येईन म्हणते. तू एवढंच कळव की खो-खोत बसायचं कुठे आणि बघायचं काय. तुझ्या कऱ्हाडच्या सुराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण दर वेळी हसण्यावारी नेली. या वेळी नीट लिही, मी हसणार नाही.

पद्माकरकाकांना नमस्कार. आईबाबा मजेत. तुझा लोभ डब्यातून येतोच, पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
अक्षया


मिरज
१६ डिसेंबर १९९३

चि. अक्षया हीस,
भानुमतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोनदा घरभर फिरले. फोन करणार होते, पण त्या एसटीडी बूथमध्ये काचेआड उभं राहिलं की समोर मीटर पळायला लागतो आणि मी सांगायचं निम्मं विसरते. तेव्हा पत्रच बरं.

त्या हवालदाराला सांग, मी भानुमतीची भाची आहे. तो विचारेल कोण भानुमती. त्यातच त्याची पाच मिनिटं जातील आणि तू आत जाशील.

आता कऱ्हाड. बासष्ट साल, राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, मी एकोणीस वर्षांची. दोन्ही संघांचे गुण सारखे आणि वेळ संपत आलेला. समोरची पळणारी फार हुशार होती. ती खांबाजवळून अशी वळायची की पाठलाग करणारीला वाटावं आता सापडली, आणि ही पलीकडे. मी तिच्या मागे खांबापर्यंत गेले, डाव्या हाताने खांब धरला आणि अंग झोकून दिलं. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, सगळं अंग आडवं, आणि उजव्या हाताची बोटं तिच्या टाचेला लागली. जिंकलो! तुझे काका म्हणतात, माझा सूर दर वर्षी वीतभर लांबत चालला आहे आणि अजून चार वर्षांत मी कऱ्हाडहून साताऱ्याला पोचेन. त्यांनी तो पाहिलेला नाही. घरातल्या कोणीच पाहिलेला नाही, कारण पेपरात फोटो आला तो पाहुण्यांचा. मध्ये टोपी घातलेले प्रमुख पाहुणे, त्यांच्या हातात आमचा चषक, आणि फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर. ते माझं. मी खेळ शिकवते त्या आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत तो फोटो अजून लावलेला आहे. नव्या मुली आल्या की मी त्यांना त्या कोपराकडे बोट दाखवून सांगते, ही मी. तोंडावर धरायला पदर नाही म्हणून त्या वही धरून हसतात.

मला वाईट वाटतं का? वाटतं. एकतीस वर्षं झाली तरी वाटतं. आयुष्यात एकदा मी हवेत होते आणि ते कोणाकडेच नाही.

म्हणून तुझ्या भिंगांतलं मला काही कळत नसलं तरी एक विचारते. भिंतीवरचं वर्तमानपत्र पळतं का? तुझा बाप हरिदास लहानपणापासून असाच, सायकल घ्यायची तर उभी करून घंटी वाजवून बघायचा. तुला दहा-बारा पावलांवरून, खांबाच्या कोपऱ्यातून, आडवी झेपावलेली मुलगी पकडायची आहे. तिथून त्या तोफेत मुलगी मावते का? बोटांपासून टाचेपर्यंत, अख्खी? हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि बघायचं ते पळत्या माणसावर बघ. माणूस कुठून आणू असं विचारू नकोस, घरात आहे. मी हरिदासला आमच्या परसातल्या शेवग्याभोवती किती पळवलंय ते त्याला विचार. त्याला पुन्हा पळव.

बघायचं काय हेही सांगते. पळणारीकडे बघू नकोस, ती तुला फसवेल. पाठलाग करणारीच्या खांद्याकडे बघ, खांबाच्या बाजूचा खांदा. सूर मारण्याआधी एक पाऊल तो खाली जातो. ज्या मुलीचा जात नाही ती नुसती वळून पुढे जाणार. हे मी मैदानावर कोणाला कधी सांगितलं नाही, कारण प्रतिस्पर्ध्यांना कळलं असतं. तुला सांगते.

अरुणाला, तुझ्या आईला, म्हणावं हरिदासला बूट नीट बांधून दे. चकल्या पुढच्या माणसाबरोबर. आमची आठवण काढत राहा, न काढलीस तर मला इथे उचकी लागत नाही आणि लगेच कळतं.

तुझी,
आत्या


फरीदाबाद
२७ डिसेंबर १९९३

ती. भानुआत्यास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल रविवारी बाबांना पळवलं. सोबत फोटो पाठवतेय ते आधी बघू नकोस, पत्र वाचून मग बघ.

दोन्ही लेन्सा एका दिवसासाठी घरी न्यायच्या म्हणजे तारण हवं. बाबांनी लग्नातलं मनगटी घड्याळ काढून सरदारजींच्या टेबलावर ठेवलं. नंतर दिवसभर ते रिकाम्या मनगटाकडे बघून वेळ सांगत होते आणि गंमत म्हणजे बरोबर सांगत होते.

सकाळी सेक्टरच्या पार्कात गेलो. मधोमध एक कडुलिंब आहे, तोच खांब ठरवला. धुकं, थंडी, बाबा माकडटोपी आणि कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर घालून. मी दहा-बारा पावलांवर ओल्या गवतात पोटावर झोपले. बाबा पळायला लागले, एकटेच, झाडाभोवती. फिरायला आलेली माणसं थांबली. शेजारचे निवृत्त सुभेदार चहल धावत आले आणि काळजीने विचारू लागले, की भाईसाहब, कौन पड़ा है पीछे. आई बाकावर बसून आपला या दोघांशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने विणत होती. तेवढ्यात पार्कातला कुत्रा खेळात शिरला. त्यानंतर बाबांचा वेग मात्र एकदम सुधारला.

आधी लांबडी लावली. डोळा लावला तर समोर झाड. मग काहीच नाही. मग एकदम काहीतरी करडं सर्रकन गेलं आणि पुन्हा झाड. बाबा आत येतात कधी आणि जातात कधी ते कळेना. पाचसहा वेळा बटण दाबलं. आज धुऊन बघितलं तर एकात माकडटोपीचा गोंडा, एकात अर्धी मिशी, आणि एकात, आत्या शपथ, नुसतं कोपर. स्वेटरच्या ठिगळासकट. अगदी स्पष्ट, ठिगळाचे टाकेसुद्धा मोजता येतील. ते पाहिलं आणि अंधाऱ्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले, आणि मग हसू येईना. आडवी झेपावलेली तू डोळ्यापुढे आलीस, आणि लांबडीतून मी तुझं काय छापलं असतं ते समोर तारेवर वाळत होतं.

मग बुटकीचा रोल धुतला. तीत बाबा आहेत. अख्खे! गोंड्यापासून बुटापर्यंत, दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं, आणि मागे कुत्रा. त्या धुक्यातसुद्धा मिशीचा केस न् केस दिसतोय. तू सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्या खांद्यावर डोळा ठेवला होता. झाडाशी वळताना तो खाली जातो ते मला दिसलं आत्या, तिसऱ्या फेरीपासून दिसायला लागलं. लेन्स आधीच झाडापुढच्या हातभर जागेवर लावून ठेवायची, पुन्हा फिरवायची नाही, आणि खांदा पडला की दाबायचं. बस.

आज लांबडी परत केली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. काउंटरवर तिच्याकडे बघून एक मुलगा लगेच थांबला. मी बुटकी घेतली. तिच्या काचेच्या कडेला एक ओरखडा आहे, बाबांनी विजेरीने तपासून तो फोटोत येणार नाही असा निर्वाळा दिला. आता ऑफिसात सगळे विचारतात, एवढीशी? मी म्हणते हो, एवढीशीच.

काकांना फोटोतला कुत्रा नक्की दाखव. तुझा खांदा माझ्यासाठी कायम असाच खाली झुकू दे.

तुझी,
अक्षया


फरीदाबाद
२९ डिसेंबर १९९३

ती. अक्कास,
हरिदासचा सा. न. वि. वि.

पत्र मी गुपचूप लिहितो आहे, पोरगी कामावर गेली आहे. प्रथम तक्रार. माझा उजवा घोटा सुजला आहे. तू मला वयाच्या सातव्या वर्षी शेवग्याभोवती पळवलंस ते ठीक, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी हजार मैलांवरून पळवतेस याला काय म्हणावं? कारखान्यात मी सांगितलं की जिन्यावरून पडलो. जपानी साहेबांनी लगेच जिन्याची पाहणी सुरू केली आहे. आता त्या जिन्याला नवा कठडा बसतोय.

दुसरं म्हणजे माझी कसोटी चुकली हे मला मान्य आहे. जी वस्तू पळत्यासाठी घ्यायची ती मी उभ्यावर तपासली. कारखान्यात ही चूक एखाद्या नव्या पोराने केली असती तर मी त्याला तासभर सुनावलं असतं.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. मार्चची अट मीच घातली. मला वाटलं, मुलीला काही शाश्वत हवं, या दिल्लीत आपलं कोण आहे. रविवारी ती सगळ्या सेक्टरसमोर चिखलात पोटावर पडून होती, लोक हसत होते, आणि तिला ते ऐकूसुद्धा येत नव्हतं. मी चौथ्या फेरीत दमून थांबलो तर मला ओरडली, बाबा खांदा! अक्का, मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तू मैदानात उतरलीस की अशी दिसायचीस. तेव्हापासून मला मार्चची भीती वाटायला लागली आहे. अट मोडावी तर बापाचा शब्द जातो, आणि नुसती मोडून दिलेली तिला आवडायचीही नाही. तिने ती जिंकावी असं फार वाटतं. हे तिला कळवू नकोस.

पद्माकररावांना नमस्कार. भावावर लोभ ठेव, पळवणं आता बंद कर.

तुझा,
हरिदास


(पोस्टकार्ड)

मिरज
६ जानेवारी १९९४

चि. हरिदास व चि. अक्षया यांस,
आशीर्वाद.

फोटो मिळाले. हरिदास, हे तुझ्या मिशीचा फोटो घेऊन गल्लीभर फिरून आले. घोट्याला आंबेहळद उगाळून लाव, आणि बाकी निश्चिंत राहा. अक्षया, सामना बघायला जाऊ नकोस, फोटो काढायला जा. सामना बघायला तिथे बाकी सगळे असतील. खांबापाशी बस आणि उठू नकोस. कोणी कितीही सांगितलं तरी कोपर नको, मुलगी हवी. कार्डावर जागा संपली, आशीर्वाद संपले नाहीत.

आत्या


फरीदाबाद
२५ जानेवारी १९९४

ती. भानुआत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि आज त्यावर आणखी एक. वि. वि.

झालं आत्या! पेपरचं पान वेगळ्या मोठ्या पाकिटात आहे, सोबत माझ्या हाताने केलेली मोठी प्रतही. पण क्रमाने सांगते.

अंतिम सामना रविवारी संध्याकाळी होता, महाराष्ट्र आणि बंगाल. फोटोग्राफर एकूण पाच, त्यातले चार दोन डावांनंतर चहाला जाणारे. मी खांबाच्या कोपऱ्यात मांडी ठोकून बसले. एकाने आपली तोफ मांडीवर घेऊन मला दयेने सांगितलं, की बहनजी, इतनी छोटी लेन्स से क्या आएगा, वर गॅलरीत जाऊन सगळ्या मैदानाचा एक फोटो घेऊन टाका आणि घरी जा, धुकं उतरतंय. धुकं खरंच उतरत होतं. दिवे लागले पण पिवळे, मिणमिणते. त्याच्या तोफेला त्या उजेडात काही सुचेना आणि तो थोड्या वेळाने उठून गेला. बुटकी मात्र मोठं तोंड उघडून बसलेली.

शेवटच्या डावात गुण सारखे झाले. पाठलाग महाराष्ट्राचा, आणि बंगालची शेवटची मुलगी काही केल्या सापडेना. तू लिहिलं होतंस ना, खांबाजवळ येऊन फसवणारी, अगदी तशी. सगळं मैदान उभं राहिलं. माझ्यापुढे लोकांचे पाय आले, मी गुडघ्यावर सरकत आणखी कोपऱ्यात गेले. खो मिळून उस्मानाबादची वैजयंती उठली. माझी लेन्स खांबापुढच्या हातभर जागेवर लावून ठेवलेली. हात इतके गार पडले होते की बटण कुठे आहे तेच बोटाला कळेना. बंगालची मुलगी वळली, सगळे तिच्याकडे बघत ओरडले, मी नाही बघितलं. मी वैजयंतीचा खांदा बघत होते. तो पडला.

मी दाबलं.

आता तुला एक गोष्ट सांगते जी बाबांनाही माहीत नव्हती. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि क्षणभर डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे तो सूर त्या मैदानावर सगळ्यांनी पाहिला, फक्त मी नाही. अंधार गेला तेव्हा वैजयंती मातीत पालथी पडली होती, शिट्टी वाजत होती आणि पोरी तिच्या अंगावर उड्या टाकत होत्या. महाराष्ट्र जिंकला. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म अंगठ्याने पुढे सरकवावी लागते, तेव्हा त्या क्षणाचा एकच फोटो, आला तर आला. ऑफिसपर्यंतच्या बसमध्ये मी रोल मुठीत घट्ट धरून बसले होते आणि तुझ्या कार्डावरचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ओली फिल्म दिव्यासमोर धरली. त्यात काळ्याचं पांढरं दिसतं, तरी कळलं. डाव्या हाताची मूठ खांबावर. मग खांदा, कोपर, सगळं अंग जमिनीला समांतर, दोन्ही पाय सुटलेले, आणि दुसऱ्या टोकाला बोटं, बंगालच्या मुलीच्या टाचेवर टेकलेली. मी तिथेच खाली बसले आणि रडले. आनंदाने गं.

माथुरसाहेबांनी प्रत हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि लाल पेन्सिल काढली. तीन कॉलमांत बसवायचं होतं. चेहरा आणि टाचेवरचा हात ठेवायचा, बाकी काढून टाकायचं. पेन्सिलीची रेघ डाव्या कोपरावर आली. आत्या, काय झालं कोण जाणे, मी फोटोवर पंजाच ठेवला. नोकरी, मार्च, सगळं त्या क्षणी डोळ्यापुढून गेलं, पण हात काही उचलवेना. मी म्हणाले, सर, कोपर कापणार असाल तर फोटो छापू नका, मला परत द्या. अख्ख्या विभागात टाइपरायटर थांबले. त्यांनी चष्मा काढून कारण विचारलं. मग मी त्यांना कऱ्हाडची सगळी गोष्ट सांगितली, टोपीवाल्या पाहुण्यांसकट. माझं हिंदी नेहमी बरं असतं, तेव्हा मात्र मध्ये मराठी शिरत होतं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. पेन्सिल खिशात ठेवली, फोन उचलला आणि पान लावणाऱ्यांना सांगितलं, की क्रिकेटचा मजकूर निम्मा करा, वर पाच कॉलम मोकळे हवेत. मग मला विचारलं, फोटोखाली नाव पूर्ण घालायचं की नुसतं अक्षया. मी म्हणाले पूर्ण.

आज सकाळी त्यांनी बोलावून सांगितलं. १ एप्रिलपासून मी कायम. ऑफिसची कपाटं मला उघडी. मी म्हणाले, थँक्यू सर, माझी बुटकी आहे.

बाबांनी काल पहाटे पेपरवाल्याला फाटकातच गाठून त्याच्या सायकलवरचे सगळे अंक विकत घेतले. सेक्टरमधल्या बाकी लोकांना पेपर मिळाला नाही म्हणून भांडण झालं, तर सुभेदार चहल मध्ये पडले आणि त्यांनी सर्वांना सांगितलं, की या फोटोची सुरुवात आमच्या पार्कात झाली आहे. कंपनीच्या बसमध्ये बाबांनी फोटो हातोहात फिरवला. संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, मार्चचं काय. तर म्हणाले, कुठला मार्च? आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले.

आत्या, तुझं देणं मोठं आहे, पण ते फेडायचं नाही असं मी ठरवलंय. लोभ आहेच, त्यात आता पाच कॉलमांची भर घाल.

तुझी,
अक्षया


मिरज
४ फेब्रुवारी १९९४

चि. अक्षया हीस,
भानुमतीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

पाकीट मंगळवारी आलं. पोस्टमनने ते दुमडलं नव्हतं म्हणून त्याला चहा दिला. उघडायला हात धजेना, तेव्हा ह्यांनीच उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

पोरी, कसला फोटो काढलास गं! मी तो आधी खेळाडू म्हणून पाहिला. मूठ खांबावर बरोबर उंचीला आहे. टाचा जुळलेल्या आहेत, हे शंभरात एखादीला जमतं. नजर हातावर नाही, समोरच्या टाचेवर आहे. मग मी बाई म्हणून पाहिला आणि मला पुढचं काही दिसेना. डोळे पुसायला पदर सापडेना, तोही ह्यांनीच हातात दिला.

हे संध्याकाळपर्यंत फोटोभोवती फिरत होते. चष्मा काढला, पुसला, घातला. शेवटी विचारलं, की कऱ्हाडला असंच झालं होतं का. मी म्हणाले, असंच. त्यांनी पुन्हा विचारलं, दोन्ही पाय सुटले होते? मी म्हणाले, दोन्ही. मग हे म्हणाले, की इतकी वर्षं मी चेष्टा करत होतो ती चुकलीच, मी समजत होतो त्यापेक्षा तू लांब गेली होतीस. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अक्षया. मला मिळालेला हा पहिला चषक.

दुसऱ्या दिवशी मोठी प्रत चौकट करून आणली आणि हे स्वतः हातोडी घेऊन माझ्याबरोबर शाळेत आले. मी म्हणत होते की त्या जुन्या फोटोच्या शेजारी लावू. ह्यांनी काही ऐकलं नाही. टोपीवाल्या पाहुण्यांना अलगद उतरवून मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवलं, तिथे भिंतीवर त्यांना इतर टोपीवाल्यांची जुनी सोबत आहे, आणि त्याच खिळ्यावर तुझा फोटो चढवला. खिळा थोडा हलत होता, तो दोन घाव घालून पक्का केला.

हरिदासला म्हणावं, जिन्याला कठडा मिळाला, पोरीला नोकरी मिळाली, आणि घोटाही बरा झाला. एका रविवारच्या पळण्याचं पुष्कळ झालं. अरुणाला सांग, विणायला घेतलेला स्वेटर संपवून त्याला दे आणि ठिगळाचा जुना मला पाठव, मला हवा आहे.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते, पण आजचं सांगायचं राहिलं. मधल्या सुटीत व्यायामशाळेत सातवीच्या मुली जमल्या होत्या. नेहमीप्रमाणे मी बोट दाखवून ही मी असं सांगायला गेले आणि आठवलं की ते कोपर आता तिथे नाही. तेवढ्यात एक मुलगी तुझ्या फोटोपुढे मान वर करून उभी राहिली, कितीतरी वेळ, आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, की बाई, ह्या तुम्ही ना?

हे डबा द्यायला आले होते, दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली.

मी तिला हो म्हटलं.

इथे सगळे खुशाल. तुझ्या माणसांवर आणि तुझ्या बुटकीवर माझी माया आहे, ती तुझ्या चौकटीत अख्खी मावो.

तुझी,
आत्या